लेबर रूमबाहेरच्या बाकासाठी

पुणे, १४ जून

ती. नंदाताईस,


तुझ्या रेवाचे दिवस भरून वर तीन दिवस झाले, कळांचा पत्ता नाही, आणि डॉक्टरांनी एक्केचाळीस आठवडे पूर्ण होतील त्या दिवशी, म्हणजे बुधवारी सकाळी, ॲडमिट होऊन कळा आणायच्या असं सांगितलंय, हे तुझ्या मेसेजवरून कळलं. मेसेजच्या शेवटी तू विचारलंस, ‘मग बुधवारी किती वाजेपर्यंत होईल?’ त्या प्रश्नापायी हे पत्र. बुधवारी ॲडमिट म्हणजे बुधवारी बाळ, हा हिशेब आधी मनातून काढून टाक. गुरुवारची रात्र उलटून शुक्रवारची पहाट झाली, तरी तेवढ्याने काही बिघडलं असं होत नाही. कळा आणण्याच्या उपचाराचं नाव आपल्याकडे जेवढं खराब आहे, त्यातलं निम्मं तरी या चुकीच्या घड्याळामुळे, असं माझं मत आहे. आणि ते घड्याळ पेशंटपेक्षा बाहेर बाकावर बसलेल्यांच्या हातात जास्त असतं. म्हणून हे रेवाला न लिहिता तुला लिहितेय.

आपोआप कळा सुरू होतात तेव्हा त्याआधी कित्येक दिवस शरीराची तयारी चाललेली असते. गर्भपिशवीचं तोंड एरवी नाकाच्या शेंड्यासारखं घट्ट असतं, ते हळूहळू ओठासारखं मऊ पडतं, आखूड होतं, पुढे सरकतं, थोडं उघडतं. ही तयारी बाहेर कोणाला दिसत नाही, त्यामुळे ‘सकाळी कळा आल्या नि संध्याकाळी मोकळी झाली’ एवढंच आपल्या लक्षात राहतं. कळा आणायच्या म्हणजे आधी ही तयारी घडवून आणायची; जे काम शरीर आठ-पंधरा दिवसांत करतं, ते एक-दोन दिवसांत करून घ्यायचं. एडवर्ड बिशप या अमेरिकन डॉक्टरांनी १९६४ साली याचं मोजमाप बसवलं: तोंड किती उघडलंय, किती पातळ झालंय, किती मऊ आहे, कोणत्या दिशेला आहे आणि बाळाचं डोकं किती खाली आलंय, या पाच गोष्टींना मिळून तेरापैकी गुण. आठ किंवा जास्त असले तर कळा आणणं बहुधा सोपं जातं. सहा किंवा कमी असले तर आधी तोंड मऊ करावं लागतं, आणि वेळ खाते ती हीच पायरी. तेव्हा बुधवारी आतून तपासणी झाली की ‘किती वाजता होईल’ हे विचारू नकोस, ‘बिशप स्कोअर किती आला’ हे विचार. तीन असेल तर उशी, चादर आणि दोन दिवसांचा धीर घेऊन बस.

तोंड मऊ करायला साधारण तीन उपाय वापरतात. एक जेल, जे आत लावतात आणि गरज पडली तर सहा-सहा तासांनी पुन्हा लावतात. दुसरी मिसोप्रोस्टॉलची गोळी, मूळची पोटातल्या अल्सरसाठी निघालेली, इथे अगदी छोट्या मात्रेत देतात. तिसरा उपाय फोलीचा: लघवीसाठी घालतात तीच नळी, पण तिचा फुगा गर्भपिशवीच्या तोंडाच्या आत नेऊन फुगवायचा, म्हणजे दाबाने तोंड सैल होतं आणि फुगा आपसूक बाहेर निसटतो. यातलं चांगलं कोणतं हे बघायला नागपूरच्या दोन सरकारी रुग्णालयांत एक मोठी चाचणी झाली. तिचे निष्कर्ष २०१७ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. रक्तदाब वाढल्यामुळे लवकर मोकळं करणं भाग होतं अशा ६०२ जणी होत्या. निम्म्यांना दर दोन तासांनी २५ मायक्रोग्रॅमची गोळी दिली, निम्म्यांना फोली घातली. चोवीस तासांच्या आत नॉर्मल बाळंतपण झालं ते गोळीवाल्यांपैकी शंभरात ५७ जणींचं आणि फोलीवाल्यांपैकी ४७ जणींचं. गोळी सरस ठरली, हा डॉक्टरांच्या कामाचा निष्कर्ष. तुझ्या कामाचा निष्कर्ष वेगळा आहे: नीट देखरेखीखाली, ठरवलेल्या पद्धतीने उपचार होऊनही शंभरातल्या चाळीस-पन्नास जणींचं एका दिवसात झालं नाही. त्यांतल्या काहींचं सिझर झालं, काही दुसऱ्या दिवसात गेल्या. चोवीस तास उलटले म्हणजे ‘फेल गेलं’, असं रेवाच्या सासरी फोन करून सांगायचं नाही, ते एवढ्यासाठी.

तोंड तयार झालं की पाणमोट फोडतात आणि मग कळांचं सलाईन लावतात. पाणमोट फोडायला क्रोशाच्या सुईसारखा एक आकडा वापरतात. बाळाला दुखत नाही, रेवालाही आतून तपासण्याइतकाच त्रास होतो. पाणी स्वच्छ आलं की ठीक. हिरवट आलं तर बाळाने आतच शी केलेली असते, म्हणून लक्ष जास्त ठेवतात. सलाईनमधलं औषध ऑक्सिटोसिन. हे नाव ग्रीक शब्दांवरून बनलंय आणि त्याचा अर्थच ‘झटपट बाळंतपण’ असा होतो. बारशातच थाप मारलेलं असं दुसरं औषध मला आठवत नाही. ते पंपाने अगदी थोड्या मात्रेत सुरू करतात, साधारण अर्ध्या-अर्ध्या तासाने वाढवतात, आणि दहा मिनिटांत तीन-चार चांगल्या कळा येऊ लागल्या की तिथेच थांबवतात. पाचापेक्षा जास्त येऊ लागल्या तर बाळाला दोन कळांमध्ये पुरेसा प्राणवायू मिळायला उसंत राहत नाही, म्हणून मात्रा उतरवतात. सलाईन बंद केलं की काही मिनिटांत जोर ओसरू लागतो, ही या पद्धतीची खरी सुरक्षितता. हेच औषध म्हशीला पान्हा सोडायला टोचतात म्हणून २०१८ साली सरकारने खासगी कंपन्यांना ते बनवायला बंदी घातली होती आणि त्याच वर्षी दिल्ली उच्च न्यायालयाने ती रद्द केली. बाळंतिणींसाठी त्याची किती गरज आहे, हे त्या खटल्यात पुढे आलं. पण सलाईनमधून मोजून दिलेलं ऑक्सिटोसिन आणि दंडात एकदम टोचलेलं इंजेक्शन यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. टोचलेलं परत घेता येत नाही. बाळ बाहेर येण्याआधी ‘लवकर व्हावं म्हणून एक इंजेक्शन मारा’ असं म्हणणारं कोणी बाकावर असेल, तर त्याला गप्प बसवायचं काम तुझं.

आता तुझी शंका, जी तू लिहिली नाहीस पण असणार: कळा आणल्या की शेवटी सिझरच होतं, मग दोन दिवस पोरीला कशाला छळायचं? वरवर बघता ही शंका रास्त आहे, कारण कळा आणलेल्यांत सिझर जास्त दिसतात. पण त्यांची तुलना आपोआप कळा आलेल्यांशी केली जाते आणि तिथेच चूक होते. बुधवारी रेवापुढे ‘आपोआप कळा येणं’ हा पर्यायच नसेल; पर्याय असेल तो वाट बघण्याचा, आणि वाट बघणाऱ्यांतल्या काहींचं रक्तदाब वाढून, काहींचं पाणी कमी होऊन पुढे सिझर होतंच. ही खरी तुलना अमेरिकेत ४१ रुग्णालयांत ६,१०६ पहिलटकरणींवर झाली, अराइव्ह नावाच्या चाचणीत. २०१८ साली ती प्रसिद्ध झाली. एकोणचाळीस आठवडे पूर्ण झाल्यावर कळा आणलेल्यांत सिझरचं प्रमाण १८.६ टक्के निघालं, वाट बघितलेल्यांत २२.२ टक्के. म्हणजे उलट कमी. हा आकडा बरेच जण मिरवतात, पण त्याच्या मागची अट सांगत नाहीत. त्या चाचणीत निम्म्याहून जास्त जणींचं तोंड तयार नव्हतं. ते आधी तयार केलं, पाणमोट फोडली, सलाईन लावलं, आणि या सगळ्यानंतर किमान बारा तास दिल्याशिवाय ‘कळा आणणं फसलं’ म्हणून सिझरकडे वळायचं नाही, असं ठरलेलं होतं. त्या बायका लेबर रूममध्ये साधारण वीस तास होत्या, वाट बघणाऱ्या चौदा. सिझर कमी झालं ते त्या जास्तीच्या तासांच्या किमतीवर. बारा तासांऐवजी सहा तासांत ‘प्रगती नाही’ म्हणून पेशंट आत नेली, तर हा आकडा तिच्या उपयोगाचा नाही.

दुसरी बाजू आपल्या आत्याबाई मांडतील: निसर्गाच्या कामात हात कशाला घालायचा, फळ पिकलं की गळतं. याला मी हसत नाही. चाळीस आठवड्यांचा दिवस म्हणजे काही मुदत संपल्याचा शिक्का नव्हे. अगदी त्या तारखेला जन्मणारी मुलं शंभरात चार-पाच. आणि जगभरच्या ३४ चाचण्या एकत्र करून २०२० साली जो आढावा निघाला, त्यात हिशेब असा आला की सुमारे ५४४ जणींना कळा आणल्या तर एका बाळाचा मृत्यू टळतो. म्हणजे उरलेल्या ५४३ जणींची बाळं वाट बघितली असती तरी वाचलीच असती. पण तो एक मृत्यू कोणाच्या वाट्याला येणार हे आधी ओळखायचं साधन नाही. वार थकत जाते, आणि ती नेमकी कधी हात टेकेल हे पोटाला लावलेल्या पट्ट्यावर दिसणाऱ्या बाळाच्या ठोक्यांवरून दरवेळी कळत नाही. स्वीडनमध्ये एक्केचाळीस आठवड्यांनंतर कळा आणाव्यात की बेचाळीसपर्यंत थांबावं हे पाहायला चाचणी घेतली, तेव्हा थांबलेल्यांत सहा बाळं दगावली आणि कळा आणलेल्यांत एकही नाही. चाचणी मध्येच बंद करावी लागली. जागतिक आरोग्य संघटना एक्केचाळीस आठवडे पूर्ण झाल्यावर कळा आणायला सांगते ती अशाच पुराव्यावर. डॉक्टरांनी अडतिसाव्या आठवड्यात, काही कारण नसताना, चांगला मुहूर्त आहे म्हणून सुचवलं असतं तर मीच नको म्हटलं असतं. आणि आत्याबाईंना एरंडेलाची वाटी मात्र परत ने म्हणावं. त्याने कळा येतात याचा भरवशाचा पुरावा नाही, जुलाब हमखास होतात, आणि जुलाबाने गळालेल्या पोरीला पुढे दोन दिवस काढायचे असतात.

दुखण्याचं खोटं सांगणार नाही. आपोआप येणाऱ्या कळा पायरीपायरीने चढतात. सलाईनच्या कळा पुष्कळदा एकदम जोरावर येतात, वर पोटाला पट्टा आणि हाताला नळी, त्यामुळे चालणं-फिरणं कमी होतं. अराइव्हमधल्या कळा आणलेल्या बायकांनी दुखणं कमीच सांगितलं, पण तिथे एपिड्युरल, म्हणजे पाठीतून दुखणं कमी करायचं औषध, सर्रास मिळतं. तुमच्या हॉस्पिटलात मिळतं का, रात्री भूलतज्ज्ञ येतात का, हे बुधवारच्या आधी विचारायला हवं. कळा सुरू झाल्यावर ते विचारण्यात अर्थ नाही. जेल लावल्यावरच्या सुरुवातीच्या तासांत हलकं खाऊ देतात का, खाली उतरून फिरू देतात का, हेही विचार. पहिली रात्र रेवा झोपली तर उत्तम. त्या रात्री दर तासाला जाऊन ‘दुखतंय का गं?’ करायचं नाही.

धीर धरायचा म्हणजे डोळे मिटून बसायचं, असं मात्र मी म्हणत नाही. डॉक्टर बाहेर येऊन दोनपैकी एक वाक्य बोलतील आणि त्या दोन वाक्यांत फरक करता आला पाहिजे. ‘बाळाचे ठोके कमी होताहेत’ हे पहिलं. ते ऐकलं की प्रश्न विचारायचे नाहीत, सही करायची. तिथे बहुधा सिझर हाच उपचार आणि मिनिटं मोलाची. ‘प्रगती नाही’ हे दुसरं. बाळाचे ठोके चांगले असतील, रेवाला ताप नसेल, तर इथे शांतपणे विचारता येतं: पाणमोट फोडून आणि सलाईन लावून किती तास झाले? तोंड किती उघडलंय? पाच-सहा सेंटिमीटरपर्यंतचा पहिला टप्पा लांबतोच, तिथे अजून थांबण्यात धोका काय आहे? धोका असेल तर ते सांगतील. पाणमोट फुटून फार तास गेले की जंतुसंसर्गाची भीती वाढते, हे खरंच आहे. पण पुष्कळदा धोका बाकावरूनच येतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, २०१९ ते २१ या काळात, देशातल्या खासगी दवाखान्यांतल्या बाळंतपणांपैकी ४७.४ टक्के सिझर निघाली, सरकारीत १४.३. आपण याचं खापर डॉक्टरांच्या पैशांवर फोडतो, आणि ते काही अंशी खरं असेलही. पण तिसऱ्यांदा येऊन ‘डॉक्टर, तुम्ही करून टाका, आम्हाला बघवत नाही’ म्हणणारे नातेवाईक ज्याला दिसतात, त्याने आणखी सहा तास कशासाठी जोखीम घ्यावी? उद्या काही झालं तर तेच त्याची कॉलर धरणार असतात. रेवाला दुसरं मूल हवंय, हे तीच सांगते. पहिलं सिझर झालं की पुढच्या वेळी मिसोप्रोस्टॉल बाद, कळा आणण्याचं गणित अवघड, आणि वार जुन्या व्रणात रुतण्याची शक्यता वाढते. बुधवारचे बारा तास त्या पुढच्या बाळंतपणाच्याही खात्यावर जमा होतात.

रेवाच्या फाइलमध्ये पहिल्या तीन महिन्यांतला सोनोग्राफीचा रिपोर्ट सगळ्यात वर ठेव. एक्केचाळीस आठवडे मोजायचे ते त्या तारखेवरून. पाळीची तारीख आणि तो रिपोर्ट यांत आठवड्याहून जास्त तफावत असेल, तर बुधवारच्या आधीच डॉक्टरांना दाखव. आत एका बाईला सोबत थांबू देतात का ते विचारून ठेव. आणि ‘झालं का?’ असे फोन करणाऱ्यांची यादी माझ्याकडे पाठव, त्यांना मी बघते.

तुझी,
सुमा