पेटीतली फौज

रात्री साडेनऊच्या सुमारास आईला औषधे देऊन निजवले, म्हणजे मी जेवणाच्या टेबलाच्या एका टोकाला जुने वर्तमानपत्र पसरतो, दिवा जवळ ओढून घेतो आणि एका पत्र्याच्या पेटीचे कुलूप उघडतो. त्या पेटीत माझी फौज आहे. गारदी, घोडेस्वार आणि दोन तोफा. उभा शिपाई जेमतेम तीन सेंटिमीटर उंचीचा. दिवसभर दवाखाना सांभाळणाऱ्या सत्तावन्न वर्षांच्या डॉक्टराला हा पोरखेळ कसा सुचला, असा प्रश्न वाचकांना पडेल. मलाही तो पुष्कळ दिवस पडत असे.

इंग्लंडमध्ये हा छंद मोठ्या माणसांचा मानला जातो. एच. जी. वेल्स या विख्यात लेखकाने १९१३ साली 'लिटल वॉर्स' हे पुस्तक लिहून खेळण्यातल्या शिपायांच्या लढाईचे नियम घालून दिले होते. आज तेथे प्लास्टिकच्या शिपायांचे सुटे भाग पेटीतून मिळतात. हौशी मंडळी ते जोडतात, रंगवतात आणि टेबलावर फासे टाकून लढाया खेळतात. तिकडे राहणाऱ्या माझ्या भाच्याने एका सुटीत अशी एक पेटी आणून दिली. 'मामा, टाके घालणारा हात आहे तुमचा, करून तर पाहा,' एवढेच तो म्हणाला.

पेटीत निघाले अठराव्या शतकातले युरोपीय पायदळ. मला त्यात रस नव्हता. लहानपणी दिवाळीच्या किल्ल्यावर मातीचे मावळे मांडणारा मी. मला हवे होते १७६१ च्या पानिपतावरील इब्राहीमखान गारद्याचे बंदूकधारी. हे गारदी युरोपीय पद्धतीची कवायत शिकलेले होते, म्हणून बंदूक धरून उभी राहिलेली ती शरीरे अगदीच निरुपयोगी नव्हती. मूळच्या शिपायाचे रूप पालटण्याच्या या कामाला ते लोक 'कन्व्हर्शन' म्हणतात. टोपीसकट डोके कापायचे, मानेत एक मिलिमीटरचे छिद्र पाडून तार रोवायची आणि तिच्यावर दुसरे डोके बसवायचे. मग पिवळी आणि निळी अशी दोन प्रकारची लुकणे एकत्र मळायची. त्यांचा हिरवा गोळा होतो आणि तो काही तासांत दगडासारखा घट्ट होतो. तत्पूर्वी टोकदार काडीने त्याचे पेच काढले, की पगडी तयार. घोडेस्वारांचे भाले पितळी तारेचे केले. लगामांसाठी मुदत संपलेला टाक्यांचा रेशमी धागा कामी आला, आणि टेकड्या केल्या प्लॅस्टरच्या पट्टीच्या. एका शिपायाला चार-पाच रात्री लागतात.

आता आईविषयी. ती ८४ वर्षांची आहे आणि गेली सहा वर्षे तिला स्मृतिभ्रंश आहे. या आजाराची शुश्रूषा ज्यांनी केली आहे त्यांना मी काय म्हणतो ते कळेल. इतर आजारांत रुग्ण आज बसतो, उद्या चार पावले टाकतो. येथे तसे नाही. काल जे जमत होते ते आज जमत नाही. दहा वेळा सांगितलेले अकराव्यांदा सांगायचे. तुम्ही कितीही राबलात तरी संध्याकाळी 'आज एवढे झाले' असे म्हणता येत नाही. माझ्या टेबलावर मात्र काल डोके नसलेला शिपाई आज पगडी बांधून उभा असे. ही क्षुल्लक गोष्ट मला किती आधार देत होती, हे ती बंद झाल्यावर कळले.

ती बंद झाली माझ्याच निष्काळजीपणामुळे. दोन वर्षांपूर्वी एका रात्री तातडीचा रुग्ण पाहायला जाताना मी सारा पसारा टेबलावर तसाच ठेवून गेलो. पहाटे आई खुर्चीत बसलेली दिसली. सुपारी चघळावी तसे काहीतरी ती तोंडात घोळवत होती. मी बोट घालून काढले, तर ते एका गारद्याचे डोके. शेजारच्या वाटीत मी मोजून ठेवलेली लोहचुंबकाची सहा चकतीएवढी तुकडी होती. ती सहाच आहेत ना, हे मी थरथरत्या हातांनी तीनदा मोजले. असे दोन चुंबक पोटात गेले तर आतड्याच्या दोन वेटोळ्यांतून ते एकमेकांना ओढून धरतात आणि मधले आतडे फाटू शकते. या आजारात रुग्ण अखाद्य वस्तू तोंडात घालतात, हे मी कितीतरी कुटुंबांना बजावले होते. स्वतःच्या घरात मात्र विसरलो.

सहा चुंबक होते. आई सुखरूप होती. मी त्याच दिवशी सगळे माळ्यावर टाकले आणि स्वतःला सांगितले, की आजारी आई घरात असताना मुलाने खेळत बसणे हेच मुळात चुकले.

पुढचे तीन महिने मी रात्रीचा तो पाऊण तासही आईपाशीच बसत असे. त्याने तिचे काही भले झाले नाही. मी चिडचिडा झालो, झोप उडाली. एकदा तिने 'बाबा घरी आले का रे?' असे पुन्हा विचारले आणि मी तिच्यावर ओरडलो. बाबांना जाऊन अकरा वर्षे झाली होती. ती घाबरून माझ्याकडे अनोळखी माणसासारखी पाहत राहिली. पत्नीने तिला आत नेले आणि परत येऊन मला म्हणाली, 'अहो, ती पेटी काढा माळ्यावरून. मी कुलूप आणते.'

तेव्हापासून नियम ठरले. पेटी कुलूपबंद, किल्ली माझ्या खिशात. सुटे भाग मोजून काढायचे, मोजून ठेवायचे. चुंबक घरातून हद्दपार. दवाखान्यातून फोन आला तर आधी पेटी बंद, मग चप्पल.

असा सूक्ष्म कामाचा छंद ज्यांना करावासा वाटेल, त्यांना वैद्यक म्हणून थोडे सांगतो. जवळच्या कामाचा चष्मा वेगळा करून घ्या आणि दर वीस मिनिटांनी दूर पाहा. रंग पाण्यात मिसळणारे घ्या. कुंचल्याचे टोक ओठांनी ओले करू नका. कच्च्या लुकणाने कातडीला ॲलर्जी होऊ शकते, म्हणून हातमोजे वापरा. झटपट चिकटणारा डिंक वापरताना खिडकी उघडी ठेवा. हात कापत असेल तर शिपाई औषधाच्या रिकाम्या बाटलीच्या झाकणावर चिकटवा, ती बाटली धरा आणि दोन्ही मनगटे टेबलाच्या कडेवर टेकवा. घरात लहान मूल किंवा स्मृतिभ्रंशाचा रुग्ण असेल, तर कुलपाला पर्याय नाही. चुंबक गिळल्याची नुसती शंका आली तरी वाट न पाहता रुग्णालय गाठा.

अशा छंदाने स्मृतिभ्रंश टळतो असे मी म्हणणार नाही. मी बोलतो आहे शुश्रूषा करणाऱ्यांविषयी. विणकाम असो, कुंडीतली झाडे असोत, की माझ्यासारखी फौज. दिवसातून थोडा वेळ असे काहीतरी करा, जे काल होते त्याहून आज किंचित पुढे गेलेले दिसेल. तो वेळ रुग्णाकडून चोरलेला नसतो. तेवढा वेळ कोणी तरी रुग्णापाशी बसावे, हे घरातल्या इतरांनी पाहावे.

गेल्या महिन्यात आई झोपेतून उठून टेबलापाशी आली. मी सवयीने पेटी मिटू लागलो, पण हातातला गारदी पूर्ण झालेला, सुकलेला होता. तो मी तिच्यासमोर धरला. तिने तो निरखून पाहिला आणि विचारले, 'हळीव पेरलेस का रे किल्ल्यावर?'

'उद्या पेरतो, आई,' मी म्हणालो. तिला निजवून आलो, शिपाई मोजले आणि कुलूप लावले.