बंदराकडची खोली

मिल्टन कीन्समध्ये रात्री कान देऊन ऐकलं की दूरवरची एक घरघर ऐकू येते. ती एम-वन मोटरवेची. गावाच्या पूर्वेच्या अंगाने जाणारा तो रस्ता कधी निजत नाही, आणि वारा त्या बाजूचा असला तर त्याचा आवाज विलनच्या तळ्यावरून, तिथल्या जपानी भिक्षूंच्या शांतिस्तूपाला वळसा घालून थेट आमच्या उशाशी येतो. या देशात नवी होते तेव्हा अर्धवट झोपेत मला तो समुद्र वाटे. इथे समुद्र कुठला! १९६७मध्ये सरकारी ठराव करून वसवायला घेतलेलं हे गाव इंग्लंडच्या पोटात आहे. पाणी आहे ते तळ्यांचं आणि ग्रँड युनियन कालव्याचं, ज्यावरून अरुंद, लांबट नावा माणसाच्या चालीने जातात. मनाला हे लवकर पटलं. कानांना पटलं नाही. ते कशाची तरी वाट पाहत राहिले, आणि ते कशाची, हे मला पुढे एका परक्या बंदरातल्या स्वस्त हॉटेलात, पहाटेच्या काळोखात समजलं.

बोटीच्या भोंग्याची.

ज्यांच्या लहानपणात हा आवाज नाही त्यांना तो कसा सांगावा? आगगाडीची शिटी अंगावर येते, गिरणीचा भोंगा हुकूम सोडतो. बोटीचं तसं नाही. रिकाम्या रांजणात तोंड घालून कोणी सावकाश हाक मारावी तसा तो आवाज आधी छातीत उमटतो आणि मग कानात. त्याला घाई नसते. एकदा निघाला की पाण्यावरून पसरत येतो, गोदामांच्या भिंतींना, इमारतींच्या पाठींना लागून माघारी वळतो, आणि मूळचा भोंगा कुठे संपला नि पडसाद कुठे सुरू झाला ते सांगता येत नाही. येणाऱ्या बोटीचा कुठला आणि निघणाऱ्या बोटीचा कुठला, हेही मला कधी ओळखता आलं नाही. बाबांना यायचं.

बाबा गोदीत टॅली क्लार्क होते आणि आमची चाळ माझगावात, डॉकयार्ड रोड स्टेशनपासून हाकेच्या अंतरावर. बोटीतून उतरणारी पोती, पेट्या, पिंपं मोजायची आणि वहीत मांडायची, हे त्यांचं काम. जन्मभर बोटींच्या इतक्या जवळ राहिलेला हा माणूस स्वतः कधी भाऊच्या धक्क्यावरून रेवसच्या लाँचने गेला असेल तेवढाच. पण गॅलरीत उभे राहून, डोळे किंचित बारीक करून, नुसत्या आवाजावरून ते सांगत, ही प्रिन्सेस डॉकात लागतेय, ही अजून बाहेरच नांगरून आहे. खरं की खोटं कोण पडताळणार? ३१ डिसेंबरच्या मध्यरात्री बंदरातल्या सगळ्या बोटी एकदम भोंगे वाजवत, तेव्हा अख्खी चाळ गॅलरीत जमे; आई मला शालीत गुंडाळून उभी असे, आणि त्या लांबलचक, जाड, एकमेकांत मिसळत जाणाऱ्या आवाजांत बाबा एकेक आवाज वेगळा करत राहत. मला त्या वेळी ते जगातले सर्वांत विद्वान गृहस्थ वाटत. पुढे आम्ही डोंबिवलीला राहायला गेलो. बाबाही गेले. प्रिन्सेस आणि व्हिक्टोरिया या दोन्ही गोद्या भराव घालून बुजवल्या गेल्या. भोंगा मात्र कुठेतरी आत राहिलाच असणार, एरवी इतक्या वर्षांनी तो ऐकताच मी अंथरुणात उठून का बसले असते?

ते अंथरूण तुर्कस्तानातल्या इझमीरच्या बासमाने भागातलं होतं. लेकीला एजियन समुद्र बघायचा होता, मला फार खर्च करायचा नव्हता, आणि बासमाने स्टेशनासमोरच्या गल्ल्यांमध्ये स्वस्त हॉटेलांची रांगच आहे. कुणाच्या पाट्या उजळ, कुणाच्या अर्ध्या विझलेल्या. आमचं हॉटेल म्हणजे एक जुनं उंच घर. लाकडी जिना प्रत्येक पायरीला वेगळा करकरायचा. काउंटरवरच्या वयस्क गृहस्थांनी आमचे पासपोर्ट उलटसुलट करून पाहिले, जन्मगावाच्या ओळीवर बोट ठेवून "मुंबाय" असं स्वतःशीच म्हणाले, आणि खिळ्यावरची किल्ली काढून, हाताने लाटांची खूण करत, मोठ्या औदार्याने आम्हाला बंदराकडची खोली दिली. खोलीची खिडकी उघडली तर समोर दुसऱ्या हॉटेलाची भिंत. भिंतीवर वाळत घातलेली चादर. मान बरीच वाकडी केली तर आकाशाची एक चिंधी.

"आई, हे बंदर आहे?" लेकीने विचारलं. मिल्टन कीन्समध्ये वाढलेलं मूल ते; त्याला मोकळं दिसायची सवय.

खोलीत दोन लोखंडी पलंग होते, एक कपाट, एक आरसा ज्यात चेहरा थोडा उजवीकडे सरकलेला दिसे. उशांना साबणाचा आणि जुन्या सिगारेटच्या धुराचा मिळून एक वास होता. मला तो वाईट वाटला नाही. का, याचा विचार करत मी पडून राहिले आणि हळूहळू उलगडलं: आमच्या गल्लीतल्या कुडीचा वास असाच असायचा.

गोव्याच्या गावागावांनी मुंबईत आपापल्या माणसांसाठी चालवलेल्या त्या खोल्या, कूड म्हणत त्यांना. धोबीतलावला पुष्कळ होत्या, माझगावातही होत्या. बोटीवर नोकरी करणारे तारवटी दोन सफरींच्या मधल्या काळात तिथे येऊन राहत. भिंतीला लागून प्रत्येकाची ट्रंक, एका कोपऱ्यात देव्हारा, संध्याकाळी सगळ्यांनी मिळून करायची प्रार्थना, आणि महिन्याची नाममात्र वर्गणी. शाळेतून येताना मी दारातून आत पाहायची. कुणी इस्त्री करतंय, कुणी पत्र लिहितंय, कुणी नुसतंच ट्रंकेवर बसलंय. कंपनीचं बोलावणं कधी येईल याचा नेम नसे. आज येईल, नाहीतर चार महिन्यांनी. तोवर माणूस गावचाही नव्हता आणि समुद्राचाही नव्हता. त्या वयात मला त्यांच्याकडचे परदेशी चॉकलेटचे कागद तेवढे कळत. आता वाटतं, बंदर म्हणजे काही नुसतं पाणी आणि धक्का नव्हे. वाट पाहणाऱ्यांना रात्रीपुरती पाठ टेकायला कुठेतरी जागा असावी लागते, आणि ती स्वस्त असावी लागते.

पहाटे तो भोंगा वाजला. अजून उजाडलं नव्हतं. खिडकीचं दार मी मुद्दाम उघडं ठेवलं होतं. समोरच्या भिंतीला लागून, तिच्यावरच्या चादरीला चुकवून तो खोलीत आला आणि पलंगाच्या लोखंडात क्षणभर थरथरला, असं मला वाटलं. दुसऱ्यांदा वाजला तेव्हा मी उठून बसलेली होते. बंदर दिसत नव्हतं ते बरंच झालं. दिसलं असतं तर मी बोट पाहिली असती, तिचा रंग, तिचे दिवे, तिचं निशाण. न दिसल्यामुळे ती माझगावातलीही असू शकत होती. डोळे किंचित बारीक करून मी ऐकत बसले. येणारी की जाणारी? नाही ओळखता आलं. लेक कूस बदलून झोपेतच म्हणाली, "ट्रक आहे गं."

दुसऱ्या दिवशी आम्ही शहर पाहिलं, म्हणजे लोक पाहतात ते सगळं. कोनाकच्या चौकातलं १९०१चा नाजूक घड्याळाचा मनोरा, केमेराल्तीच्या बाजारातला १७४४चा कझलरआसी हान, जिथे एके काळी व्यापाऱ्यांचे तांडे माल आणि जनावरं घेऊन मुक्कामाला उतरत आणि आता कॉफी मिळते. इंबात नावाचा पश्चिमेचा वारा दुपारी खाडीवरून येतो आणि कोर्दोनच्या सागरी रस्त्यावर बसलेल्या साऱ्या शहराचे केस विस्कटून टाकतो. न्याहारीला आम्ही बोयोज खाल्ले, पदर सुटलेले, तेलकट, उकडलेल्या अंड्याबरोबर खायचे. १४९२मध्ये स्पेनमधून हाकलले गेलेले ज्यू ते या बाजूला घेऊन आले. घर गेलं, भाषा अर्धी राहिली, पण पिठाला पदर कसे काढायचे ते हातांनी लक्षात ठेवलं. मी तिसरा घेतला.

बासमाने स्टेशनाची घडण पाहून मला भायखळा आठवलं, आणि ते अगदीच अस्थानी नव्हतं. बोरीबंदरहून ठाण्याला गाडी गेली १८५३मध्ये. त्यानंतर तीनच वर्षांनी इंग्रजांनी इझमीरहून आयदिनला रूळ टाकायचा परवाना मिळवला. अंजीर, कापूस, मनुका आतल्या मुलखातून ओढून बंदरावर आणायच्या, इतकं सरळ गणित. (आमच्या मिल्टन कीन्सच्या पोटात गेलेल्या वुल्व्हर्टनला १८३८मध्ये रेल्वेचा कारखाना निघाला. समुद्र नसलेल्या गावालाही असा बंदरांशी संबंध लागतो.)

पण मनात राहिलं ते स्टेशनामागचं. काउंटरवरच्या गृहस्थांशी लेकीच्या फोनवरच्या भाषांतराच्या मदतीने आमच्या गप्पा होऊ लागल्या होत्या. कंबरेत बारीक असलेल्या काचेच्या पेल्यातून चहा यायचा, तो संपला की न विचारता दुसरा. २०१५च्या उन्हाळ्याबद्दल ते बोलले. सीरियातून आलेली माणसं तेव्हा याच गल्ल्यांमध्ये गोळा झाली होती. ज्यांच्याकडे पैसे होते ती हॉटेलांत, ज्यांच्याकडे नव्हते ती फुटपाथवर आणि मशिदीच्या अंगणात. समोरच्या ग्रीक बेटांवर जायचं, त्यासाठी दलालाच्या फोनची वाट पाहायची. कपड्यांच्या, चपलांच्या दुकानांनी नारिंगी लाइफ जॅकेटं बाहेर टांगली होती, लहान मुलांच्या मापाचीसुद्धा. "तुमच्या खोलीतही होते," ते म्हणाले. कोण, किती, पुढे पोचले की नाही, ते त्यांनी सांगितलं नाही. मी विचारलं नाही.

त्या रात्री मी त्या पलंगावर पडले तेव्हा झोप लागायला वेळ लागला. या उशीवर कुणीतरी फोन ठेवून जागं राहिलं असेल. आणि त्यांच्या कितीतरी आधी, १३ सप्टेंबर १९२२ला या शहराला आग लागली, ग्रीकांचे आणि आर्मेनियनांचे मोहल्ले जळाले, तेव्हा इथून फार लांब नसलेल्या धक्क्यावर, मागे आग आणि पुढे पाणी अशी, माणसं दिवसच्या दिवस बोटींची वाट पाहत उभी होती. खाडीत परदेशी युद्धनौका नांगरलेल्या होत्या. त्यांचेही भोंगे वाजले असतील. त्या माणसांना तो आवाज कसा वाटला असेल? जळालेल्या जागेवर १९३६मध्ये मोठी बाग झाली, कुल्तुरपार्क. दुपारी लेक तिथे आइसक्रीम खात होती, आणि बाग खरोखर सुंदर आहे. मी माझ्या भोंग्याला लहानपणाची शाल पांघरून बसले होते. त्याच आवाजाला कुणाकडे धूर चिकटलेला असतो. हे कळल्यावर माझा भोंगा मला नकोसा झाला नाही. फक्त तो माझ्या एकटीचा राहिला नाही.

इंग्लंडमध्ये आले तेव्हा आमचाही सुरुवातीचा मुक्काम मोटरवेजवळच्या एका स्वस्त हॉटेलातच होता. घर मिळेपर्यंत. पुण्या-हैदराबादहून कंपन्यांनी पाठवलेली आमच्यासारखीच बिऱ्हाडं तिथे होती, सगळ्यांच्या बॅगांत कुकर आणि मेतकूट. खोल्या स्वच्छ, एकीसारखी दुसरी, आणि खिडक्या चार बोटांपलीकडे उघडत नसत. इथल्या रस्त्यांवर सिग्नलही जवळजवळ नाहीत, एका गोल चौकातून दुसऱ्या गोल चौकात माणूस वाहतच राहतो. थांबण्याची गावाला सवय नाही. ते वाईट आहे असं मी म्हणणार नाही. या गावाने आम्हाला घर दिलं, झाडं दिली, लेकीला शाळेपर्यंत गाडीच्या वाटेला न जाता नेणारे तांबडे पायरस्ते दिले. पण त्या हॉटेलातल्या एकाही रात्रीचा आवाज मला आठवत नाही. एकाही नाही.

निघायच्या दिवशी मी पहाटेपासून फोन हातात धरून खिडकीत बसले. भोंगा झाला, तो पकडला, आणि डोंबिवलीला आईला पाठवून दिला. तिकडे सकाळ बरीच वर आली होती. थोड्या वेळाने तिचाच फोन आला.

"अगं, काय पाठवलंयस? नुसतं घूं घूं येतंय."

"बोटीचा भोंगा. ऐक ना नीट. आपल्या गॅलरीतून यायचा तसा."

ती गप्प झाली. मागे कुणीतरी भांडी लावत होतं. मग म्हणाली, "यांना सांगता आलं असतं कुठली ते." आणि लगेच, "हॉटेल कसलं घेतलंयस गं, पोरीला गरम पाणी तरी मिळतं ना?"

म्हटलं, मिळतं. सातनंतर, आणि आधी खाली जाऊन सांगावं लागतं.