केळणेकांठचा पोळा

“जालना, सोने का पालना” ही म्हण आमच्या जिल्ह्यांत लहान पोरांच्याहि तोंडीं आहे. जालन्याची बाजारपेठ जुनी व नांवाजलेली. पोटासाठीं येथें आलेल्या माणसास ही नगरी पाळण्यांतल्या मुलाप्रमाणें जोजवते, असा त्या म्हणीचा सरळ अर्थ. कुंडलिकेच्या कांठचें हें शहर ता. १ मे १९८१ रोजीं जिल्ह्याचें ठाणें झालें. आज त्याची प्रसिद्धि लोखंडी सळयांचे कारखाने, बीं-बियाणें आणि आसपासच्या मोसंबीच्या बागा यांसाठीं आहे. परंतु पाळणा हा शब्द कानीं पडला कीं मला सोनार आठवत नाहीं, सुतार आठवतो. सोन्याच्या पाळण्यांत निजलेलें मूल मी अद्याप पाहिलेलें नाहीं. लांकडाच्या पाळण्यांत निजलेलीं शेंकडों पाहिलीं आहेत.

आमचें बिऱ्हाड जालन्यास असलें तरी मूळ गांव भोकरदन तालुक्यांत, केळणा नदीच्या अंगास आहे. थोरले बंधु व वहिनी तेथेंच राहतात, आणि घरची शेतीहि त्यांच्याच देखरेखीखालीं चालते. गेल्या श्रावणाच्या अमावास्येस चिरंजीव, सूनबाई व दोन नातवंडें यांना घेऊन मी पोळ्यासाठीं गांवीं गेलों. नातू सात वर्षांचा, नात साडेचार वर्षांची. शहरांतल्या मुलांना बैल ठाऊक असतो तो पुस्तकांतला. त्याच्या श्वासाची ऊब त्यांना ठाऊक नसते. एवढा एक दिवस तरी ती त्यांच्या अंगाला लागावी, इतकाच माझा हेतु होता.

जालन्याहून भोकरदनकडे निघालें कीं वाटेंत राजूर लागतें. येथील महागणपतीच्या दर्शनास अंगारकी चतुर्थीच्या दिवशीं एवढी गर्दी लोटते कीं पाय ठेवावयास जागा उरत नाहीं. आम्ही गेलों तेव्हां मात्र आवार शांत होतें. तिकडील लोक या स्थानाचा संबंध गणेशपुराणांतील वरेण्य राजाशीं जोडतात. वरेण्याच्या राणीच्या, पुष्पिकेच्या, शेजेंत गजानन बालरूपानें अवतरला. पण तें चमत्कारिक रूप पाहून राजा भ्याला आणि त्यानें तें अर्भक अरण्यांत टाकविलें. पराशर ऋषींनीं तें उचलून वाढविलें. पुढें त्याच पुत्रानें त्याच पित्यास गणेशगीता सांगितली. ही कथा मीं मुलांना देवळाच्या आवारांत बसून सांगितली. तीवरील तत्त्वविवेचन मनांत जुळवीत होतों, तोंच धाकटीनें विचारलें, “आजोबा, त्याच्या आईनें त्याला शोधलें नाहीं का?” इतकीं वर्षें मी ही कथा सांगत आलों, पण पुष्पिकेचें पुढें काय झालें हें मला कधीं कोणीं विचारलें नव्हतें. सूनबाई हंसल्या आणि त्यांनीं मुलीला जवळ ओढून घेतलें.

भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन. मार्कंडेयपुराणांत दक्षिणेकडील लोकांच्या यादींत भोगवर्धनांचें नांव येतें, आणि सांचीच्या स्तूपावरील दानलेखांत भोगवर्धनच्या दात्यांचीं नांवें आहेत. सन १९७३ मध्यें मराठवाडा व नागपूर या दोन विद्यापीठांनीं येथें उत्खनन केलें, तेव्हां सातवाहनांच्या काळची भरलेली वस्ती उजेडांत आली. मणी सांपडले, शंखाच्या वस्तु सांपडल्या, भाजलेल्या मातीच्या मूर्ति सांपडल्या, आणि हस्तिदंतांत कोरलेली एक स्त्रीमूर्ति मिळाली. इटली देशांतील पाँपे नगर इ. स. ७९ मध्यें ज्वालामुखीच्या राखेखालीं गडप झालें. त्या राखेंतून १९३८ सालीं एक भारतीय हस्तिदंती स्त्रीमूर्ति निघाली. ती आतां नेपल्सच्या संग्रहालयांत आहे. भोकरदनची मूर्ति या मूर्तीची बहीण शोभावी इतकी तिची ठेवण सारखी आहे. पाँपेची मूर्ति नेमकी कोठें कोरली गेली याविषयीं विद्वानांचें एकमत नाहीं. तरी त्या चर्चेंत भोगवर्धनाचें नांव निघाल्यावांचून राहत नाहीं.

आजच्या भोकरदनांत यांतलें डोळ्यांना दिसण्यासारखें थोडें. एरव्हीं हा मुलूख इतिहासाच्या पुस्तकांत येतो तो ता. २३ सप्टेंबर १८०३ रोजीं केळणेच्या पलीकडे झालेल्या असईच्या लढाईमुळें. दोन्ही बाजूंच्या सेनापतींचीं नांवें शाळेंतील मुलांना पाठ असतात. मणी ओवणाऱ्याचें किंवा हस्तिदंत कोरणाऱ्याचें नांव कोणीं लिहून ठेवलें नाहीं, आणि हा विसर आमच्याकडे दोन हजार वर्षांपूर्वींच संपला असेंहि नव्हे.

गांवीं पोहोंचलों तों खांदेमळणीची वेळ झाली होती. पोळ्याच्या आदल्या सायंकाळीं बैलांचे खांदे तूप-हळदीनें चोळतात आणि त्यांना उद्यांच्या जेवणाचें आमंत्रण देतात. बंधूंनीं नातवाचा हात धरून तो बैलाच्या वशिंडाखालीं ठेवला. पोर आधीं घाबरलें, मग हात काढावयास तयार होईना. पूर्वीं आमच्या गोठ्यांत चार जोड्या असत. आतां एक आहे, तीहि बंधूंच्या हट्टानें. नांगरट ट्रॅक्टर करतो. वेसण आणि कासरा पूर्वीं गांवचे मातंग बांधव अंबाडी-केकताडाच्या वाखापासून वळून देत. यंदा बाजारांतून नायलॉनचे आणले होते. नायलॉन पावसांत कुजत नाहीं हें खरें, पण बैलाच्या नाकाला तो काचतो. एवढें बोलून बंधु गप्प झाले.

सकाळीं आम्ही कुंभाराच्या घरीं मातीचे बैल आणावयास गेलों. ज्यांच्या गोठ्यांत खरे बैल नाहींत ते मातीचे पुजतात, आणि ज्यांच्या आहेत त्यांच्याहि देव्हाऱ्यापुढें मातीची जोडी मांडतात. आतां त्या घरांतील चाक म्हातारीच चालविते. तिचा यजमान वारला. दोन्ही मुलगे जालन्यास सळयांच्या कारखान्यांत आहेत. संक्रांतीचीं सुगडीं, नवरात्राचे घट, दिवाळीच्या पणत्या आणि पोळ्याचे बैल एवढेंच काम वर्षाकांठीं उरलें आहे. बैलांना चाक लागत नाहीं. चाळलेल्या मातींत लीद कालवून ती मळतात, चार पाय, पाठ, वशिंड बोटांनीं ओढून काढतात, शिंगें मागाहून चिकटवितात, आणि उन्हांत वाळवून वर चुना-गेरूचे पट्टे ओढतात. ओसरीवर सुमारें शंभर बैल रांगेनें मांडले होते. त्यांत एक मातीचा ट्रॅक्टरहि होता, तांबड्या चाकांचा! मुलें तोच मागतात, म्हणून केला, असें म्हातारी म्हणाली.

संस्कृत शिकवितांना मला नेहमीं वाटे कीं आपल्या नाटककारांस मातीच्या खेळण्याची किंमत पुरती कळली होती. शूद्रकाच्या ‘मृच्छकटिक’ नाटकाचें नांवच एका खेळण्यावरून पडलें. चारुदत्ताचा लहानगा रोहसेन मातीचा गाडा नको, शेजारच्या मुलाचा सोन्याचा हवा, म्हणून रडतो. आणि वसंतसेना आपले दागिने काढून त्या मातीच्या गाड्यांत भरते. शाकुंतलाच्या सातव्या अंकांत सिंहाचा छावा धरून बसलेल्या सर्वदमनास भुलविण्यासाठीं तापसी रंगविलेला मातीचा मोर आणते. जो पुढें चक्रवर्ती व्हावयाचा त्याच्याहि हातांत मातीच आहे. यांपैकीं कांहीं मी नातवास सांगणार, तोंच त्यानें एक बैल उचलला, आणि बैलाचें शिंग गळून पडलें.

म्हातारीची नात तेथेंच बसून पट्टे ओढीत होती. बारा-तेरा वर्षांची पोर. तिनें बैल हातांत घेतला, मोडल्या जागीं नखानें खरवडून पाहिलें आणि “सांजच्याला नीट करून आणून देते” एवढेंच म्हणाली. तिनें रंगविलेले बैल मीं पाहिले. प्रत्येकाची मान किंचित् निराळी वळलेली. एक जणूं मागें पाहतो आहे, एक चारा खातो आहे. आजीच्या बैलांत हें नव्हतें.

बंधूंनीं किंमत विचारली. जोडीचे ४० रुपये, असें म्हातारीनें सांगितलें. बंधु जुन्या वळणाचे, ते म्हणाले, “पूर्वीं आपल्या घरीं सुपांत जोंधळा घातला कीं काम भागे.” म्हातारी हंसली. “जोंधळा आतां आमीबी दुकानातूनच आणतो, दादा. पैकं द्या.”

बलुत्याची ती जुनी व्यवस्था आमच्या पिढीनें मावळतांना पाहिली. मूल जन्मल्यापासून गांवाचे हात त्याला लागत. पाळणा व पांगुळगाडा सुतार देई, जावळ न्हावी काढी, कान सोनार टोची, खेळावयास बोळकीं कुंभारणीकडून येत. आणि प्रत्येकास ठाऊक असे कीं ही वस्तु कोणाच्या घरच्या मुलासाठीं आहे. याची गोडी मी नाकारीत नाहीं. तथापि आमच्या मासिकांतून या व्यवस्थेचे गोडवे जितके गाइले जातात तितकी ती गोड नव्हती, हेंहि स्पष्ट लिहिलें पाहिजे. पाळणा करणारा सुतार माजघरांत येत नसे. वेसण वळणाऱ्यास तर अंगणाच्या बाहेर उभें राहावें लागे, आणि खळ्यावर त्याचें माप शेवटीं पडे. जोंधळा किती घालावयाचा हें सूप पुढें करणारा ठरवीत नव्हता. ४० रुपये हा आंकडा म्हातारी स्वतः ठरवून मोकळेपणीं सांगूं शकते, यांत मला तोटा दिसत नाहीं.

निघतांना तिनें मला थांबविलें. “गुरुजी, एक इचारू का? पोरीचा हात चांगला हाये. माझ्यामागं चाकावर बसंल अशी ही एकच. आन् ती म्हणती भोकरदनला मोठ्या शाळेत जायाचं. तुमी सांगाल तसं करू.”

गांवची शाळा सातवीपर्यंत आहे. मुलगी मान खालीं घालून पट्टे ओढीतच राहिली, पण कुंचला थांबला होता. चौतीस वर्षें मास्तरकी केलेल्या माणसास या प्रश्नाचें उत्तर देण्यास विचार करावा लागूं नये, आणि मला लागलाहि नाहीं. “शाळेंत घाला,” मीं म्हटलें. म्हातारीनें मान हलविली. मग ती त्या शंभर बैलांकडे पाहत राहिली. यंदाचेच शेवटचे कीं काय असा प्रश्न तिनेंहि काढला नाहीं आणि मींहि काढला नाहीं. हातचें कसब सुटीच्या दिवशीं टिकवितां येतें वगैरे कांहींतरी मी बोललों; त्यांत फारसा अर्थ नाहीं हें आम्हां दोघांनाहि कळत होतें, कारण कुंभारकाम हें माती वाळण्याच्या वेळेनें चालतें, शाळेच्या घंटेनें नव्हे.

दुपारीं वेशींत तोरण बांधलें. हिंगूळ लावलेलीं शिंगें, बेगड, झुली, घुंगरमाळा. गांवांत उरलेल्या पंचवीसेक जोड्या मारुतीला प्रदक्षिणा घालून घरोघरीं पुरणपोळी खावयास गेल्या. त्या सोहळ्याचें वर्णन पुष्कळांनीं केलें आहे, मी पुन्हां करीत नाहीं.

त्याच अमावास्येस आपल्या घरांतून पिठोरीचें व्रत असतें. दिवेलागणीस सूनबाईंनीं चौसष्ट योगिनींची पूजा केली आणि खीरपुरीचें वाण डोक्यावर धरून, मागें न पाहतां, “अतिथि कोण?” असें विचारलें. मागें उभ्या असलेल्या मुलानें “मी” म्हणून नांव सांगावें आणि वाण घ्यावें, अशी रीत आहे. नातवानें आपलें नांव सांगितलें. दुसऱ्यांदा प्रश्न झाला, धाकटीनें सांगितलें. एवढ्यांत ती कुंभाराची पोर बैल घेऊन ओटीवर आली होती. धाकटीनें धांवत जाऊन तिचा हात धरला, तिला माजघरांत ओढून आणलें आणि सूनबाईंच्या मागें उभें केलें.

“अतिथि कोण?” सूनबाईंनीं तिसऱ्यांदा विचारलें, कारण मागें पाऊल वाजलें होतें. पोर गोंधळली. तिनें वहिनींकडे पाहिलें. वहिनी त्या घरांत चाळीस वर्षें नांदलेल्या, सोंवळ्याच्या बाबतींत कडक. क्षणभर कोणीच बोललें नाहीं. मग वहिनींनींच हळू आवाजांत म्हटलें, “सांग कीं ग नांव.” तिनें सांगितलें. वाण तिच्या हातांत गेलें, आणि वहिनींनीं स्वतः उठून वाटींत आणखी खीर वाढली.

खाऊन झाल्यावर तिनें पदराखालून बैल काढला. शिंगाच्या आंत तुरीची काडी बसवून वरून ओली माती चढविली होती. जोड दिसत नव्हता. नातू तो घेऊं लागला तशी तिनें हात मागें घेतला आणि बैल कोनाड्यांत उंच ठेवला.

“शिंग ओलं हाये अजून,” ती म्हणाली. “उद्यापातुर हात लावू नको.”