भाकरी कोण थापतं?

मल्टिपल मायलोमाचा रुग्ण माझ्याकडे बहुधा कंबरेला पट्टा बांधूनच येतो. पिशवीत एमआरआयची फिल्म आणि पेनकिलरची रिकामी पाकिटं. हाडांच्या मगजातल्या प्लाझ्मा पेशींचा हा कर्करोग. पण गावात तो आधी ‘मणक्यात गॅप’, मग ‘रक्त कमी’ आणि शेवटी ‘किडनीला सूज’ अशा नावांनी फिरलेला असतो.

औषधांची नावं लिहायला दोन मिनिटं पुरतात. बोर्टेझोमिबचं इंजेक्शन, लेनालिडोमाइडची कॅप्सूल, डेक्सामेथासोन म्हणजे डेक्साच्या गोळ्या. नांदेड काय नि लातूर काय, औषधं तीच. घोळ असतो तो कुणाला काय झेपेल याचा.

अर्धापूरकडच्या एक बाई होत्या. तेव्हा बोर्टेझोमिब आठवड्यातून दोनदा, शिरेतून द्यायचो. एम-बँड, म्हणजे रक्तातलं मायलोमाचं प्रथिन, झरझर उतरला, मी खुशीत. हे औषध नसांना त्रास देतं, म्हणून दरवेळी विचारायचो, मुंग्या येतात का? त्या म्हणायच्या, “थोड्या.” मीही केसपेपरवर ‘थोड्या’ लिहायचो. तिसऱ्या सायकलला म्हणाल्या, “डॉक्टर, पीठ हाताला कळंना झालंय.” बोटांवर तव्याचा चटका पांढरा उठला होता. तो त्यांना नवऱ्याने दाखवला, तेव्हा समजला.

हेच इंजेक्शन कातडीखाली दिलं तर नसांचा त्रास कमी होतो, हे दाखवणारा अभ्यास 2011 मध्ये आला. आता आठवड्याला एकदाच, पोटाच्या कातडीखाली टोचतो. मुंग्यांचं विचारणं मात्र सोडलं. बायकांना विचारतो, घरी भाकरी कोण थापतं? पुरुषांना समोर बसवून शर्टाची गुंडी लावायला सांगतो.

लातूरचं दुखणं पाण्याचं. मायलोमाची प्रथिनं किडनीत तुंबतात, म्हणून दिवसाला तीन लिटर पाणी प्या असं सांगायचं असतं. 2016 च्या एप्रिलात मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी येत होतं. तेव्हा एका निवृत्त मास्तरांना मी हे सवयीने सांगून गेलो. ते हसले. “पिईन की. पण टँकरच्या रांगेत कोण उभं राहणार?” त्यांची किडनी आधीच थकली होती, क्रिएटिनिन चारवर होतं. लेनालिडोमाइड किडनीवाटेच बाहेर पडतं. ते बाजूला ठेवलं आणि बोर्टेझोमिब-डेक्साच्या जोडीला सायक्लोफॉस्फमाइड दिलं. जुनं आणि स्वस्त औषध. नातेवाइकांना स्वस्त म्हटलं की हलकं वाटतं. मला नाही वाटत.

पंचेचाळिशीतला, किडनी धड असलेला माणूस आला की विचार थेट प्रत्यारोपणाचा. मेल्फालनचा मोठा डोस देऊन त्याच्याच मूळपेशी परत चढवायच्या. त्यासाठी मुंबई किंवा हैदराबाद गाठावं लागतं, आणि पेशी गोळा होईपर्यंत इकडे मेल्फालनच्या गोळ्यांना हात लावायचा नसतो. ऐंशीच्या आजोबांना यातलं काही नको. त्यांना डेक्साही आठवड्याला चाळीसऐवजी वीस मिलिग्रॅम. नाहीतर साखर चढते, रात्रभर झोप नाही आणि सकाळी सुनेशी भांडण.

किडनी शाबूत आहे तोवरच ही सगळी निवड. म्हणून साठीच्या माणसाची कंबर महिनाभर दुखत असेल आणि जोडीला थकवा असेल, तर पुढची पेनकिलर घेण्याआधी हिमोग्लोबिन, क्रिएटिनिन आणि कॅल्शियम तपासून घ्या.