नेम फळीच्या मागे!

सोल म्हटलं की तुम्हाला काय आठवतं? के-पॉप, स्किनकेअर, किमची आणि रात्र रात्र जागून संपवलेल्या मालिका. बरोबर? आता या यादीत आणखी एक गोष्ट टाका. संध्याकाळच्या सुमाराला सोलच्या कुठल्याही राहत्या वस्तीत जा. एक पिवळी व्हॅन येऊन थांबते, दार सरकतं आणि आतून पांढऱ्या ड्रेसमधली सात-आठ चिमुरडी टणाटण उड्या मारत उतरतात. कुणाच्या कमरेला पिवळा पट्टा, कुणाच्या हिरवा. एखाद्याचा सुटून फुटपाथवर लोळतोय. ही असते तायक्वांदो क्लासची गाडी!

मी कंपनीच्या कामासाठी दीड वर्षं सोलमध्ये राहिले. ऑफिस गंगनममध्ये, 'तेहरान-रो' नावाच्या रस्त्यावर. हो, इराणचं तेहरानच! १९७७ मध्ये तेहरानचे महापौर सोलला आले होते, तेव्हा दोन्ही शहरांनी एकमेकांच्या नावाचा एकेक रस्ता केला. आता इथे दुतर्फा काचेचे टॉवर, आयटी कंपन्या आणि हातात आइस्ड कॉफी घेऊन पळणारी माणसं. थोडक्यात, आपलं हिंजवडी किंवा बीकेसी, फक्त फुटपाथ चांगले. दिवसभर स्क्रीनसमोर बसून मान आखडायला लागली, तेव्हा घराजवळच्या दोजांगमध्ये नाव घातलं. दोजांग म्हणजे तायक्वांदोची तालीम. माझी एका साध्या बिल्डिंगच्या तिसऱ्या मजल्यावर होती, खाली फ्राइड चिकनचं दुकान. घाम गाळायचा वर आणि वास यायचा खालून. जाम परीक्षा!

तिथला पहिला धक्का म्हणजे मोठ्यांची बॅच. दुपारपासून मुलांनी खचाखच भरणारा हॉल रात्री आठला रिकामा व्हायचा आणि आम्ही उरायचो जेमतेम पाच जण. कोरियात तायक्वांदो हा मुख्यतः शाळकरी वयातला मामला. आपल्याकडे मुलं चित्रकलेच्या क्लासला जातात ना, तसं. २०१८ मध्ये तर कायद्यानंच त्याला राष्ट्रीय मार्शल आर्टचा दर्जा मिळाला. मुख्य सरांना 'ग्वानजांगनिम' म्हणायचं. त्यातलं 'निम' आदराचं, आपल्या 'जी'सारखं. आत शिरताना बूट बाहेर, झेंड्याला वंदन, सरांना कमरेत वाकून नमस्कार आणि मग मोजणी : हाना, दुल, सेत! प्रत्येक किकबरोबर पोटातून ओरडायचं, त्याला म्हणतात 'किहाप'. ऑफिसमधल्या मीटिंगमध्ये गिळलेला सगळा आवाज इथे बाहेर काढता येतो. यासाठीच पैसे वसूल.

आता पट्ट्यांची भानगड. पांढरा, पिवळा, हिरवा, निळा, लाल आणि मग काळा. काळ्याच्या आधीच्या पायऱ्या म्हणजे 'गुप', त्या उलट्या मोजतात. आकडा कमी होत होत एकवर येतो. प्रत्येक टप्प्यावर एक 'पूमसे' शिकायचा, म्हणजे ठरावीक क्रमाने केलेल्या ब्लॉक, पंच आणि किकची मालिका. रंगीत पट्ट्यांसाठी 'तेगुक' नावाचे आठ पूमसे आहेत. प्रत्येकाचा संबंध आकाश, अग्नी, पाणी, पृथ्वी अशा एकेका तत्त्वाशी. यातल्या चार तत्त्वांची चिन्हं कोरियाच्या झेंड्याच्या चार कोपऱ्यांत दिसतात. पुढच्या वेळी मॅच बघताना झेंडा नीट बघा!

आपल्याकडे 'ब्लॅक बेल्ट' म्हटलं की समोरचा दोन पावलं मागे सरकतो. कोरियात रोज क्लासला जाणारा मुलगा वर्षभरात त्या परीक्षेला बसू शकतो. पंधरा वर्षांखालच्यांना त्या पातळीला 'पूम' मिळतो, त्यांचा पट्टा अर्धा लाल, अर्धा काळा. एवढं सोपं? नाही हो. काळ्यानंतर 'डॅन' सुरू होतात आणि त्यांची मोजणी सुलटी, एकपासून. पहिल्या डॅनवरून दुसऱ्याला जायला किमान एक वर्ष, दुसऱ्यावरून तिसऱ्याला दोन, मग तीन, चार, पाच, सहा, आठ आणि शेवटच्या नवव्या डॅनसाठी नऊ वर्षं. करा बेरीज. पहिल्यापासून नवव्यापर्यंत कमीत कमी अडतीस वर्षं! आपण दोन वर्षांत प्रमोशन नाही मिळालं की रेझ्युमे अपडेट करतो. इथे काळा पट्टा म्हणजे शेवटचं स्टेशन नव्हेच. आता खरा प्रवास सुरू, एवढाच त्याचा अर्थ.

आमच्या दोजांगमध्ये दर दोन महिन्यांनी पट्ट्याची परीक्षा व्हायची आणि तिच्या शेवटी 'ग्योकपा', म्हणजे फळी फोडणं. शाळेच्या गॅदरिंगमध्ये कराटेवाली मुलं कौलं फोडायची, ते आठवतंय? तोच थरार, फक्त इथे पाइनच्या लाकडाची पातळ फळी. आधीचा सराव प्लॅस्टिकच्या फळीवर. तिचे दोन भाग खाचेत बसवलेले असतात, फुटली की पुन्हा जोडायची. रंगावरून तिचा कडकपणा कळतो. लाकडाची फळी मात्र एकदाच फुटते, त्यामुळे ती समोर आली की पोटात गोळा येतोच.

यात जादू काही नाही, निव्वळ फिजिक्स आहे. लाकूड रेषांच्या दिशेने चिरतं, म्हणून फळी धरतानाच रेषा बघायच्या. रेषा उभ्या असतील तर डावी-उजवी कड धरायची, आडव्या असतील तर वरची-खालची. वाळलेली फळी कटकन तुटते, दमट असेल तर वाकून चकवते. धरणाऱ्याने कोपर घट्ट ठेवायचे. तो मागे सरकला की माराची सगळी ताकद वाया. आणि सगळ्यात महत्त्वाचं, नेम फळीवर धरायचाच नाही, फळीच्या चांगला वीतभर मागे धरायचा. नेम फळीवर असेल तर पाय तिथे पोचेपर्यंत आपण नकळत ब्रेक मारलेला असतो. फळी शाबूत राहते आणि तो मार उलटून आपल्याच पायाला बसतो. म्हणजे घाबरत मारलं तरच जास्त लागतं!

हे मला नीट दिसलं ते माझ्या निळ्या पट्ट्याच्या दिवशी. त्या परीक्षेला मुलं आणि आम्ही मोठे एकत्र होतो. माझा नंबर शेवटी, त्यामुळे लहानांच्या फळ्या धरायचं काम माझ्याकडे. समोर आला आठेक वर्षांचा एक मुलगा. तो मला 'इमो' म्हणायचा, म्हणजे मावशी. (सत्ताविसाव्या वर्षी! असो.) त्याची साइड किक. पहिला प्रयत्न, फळी जशीच्या तशी. दुसरा, पुन्हा तेच. पाय फळीपर्यंत यायचा आणि तिथेच थबकायचा. त्याचे कान लाल, डोळे भरलेले. मागच्या बाकावर त्याची आई मोबाइल खाली करून बसलेली. हॉलमध्ये टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता.

मला वाटलं, आता पातळ फळी आणतील किंवा 'पुढच्या वेळी बघू' म्हणतील. ग्वानजांगनिमनी तसं काहीच केलं नाही. ते माझ्या बाजूला आले, फळीच्या मागे आपला तळवा धरला आणि त्याला म्हणाले, "फळी विसर. माझ्या हाताला पाय लाव." मग हात काढून घेतला. मी कोपर आवळले. कोपऱ्यातून एका मुलीने ओरडायला सुरुवात केली, मग सगळीच पोरं ओरडायला लागली : "हल सु इस्सॉ!" तुला जमेल! तो दोन पावलं मागे गेला, किहाप दिला आणि खाड्! माझ्या हातात दोन तुकडे. मुलगा स्वतःच दचकला. मग दोन्ही तुकडे घेऊन आईकडे असा धावला की सरांना वाकून नमस्कार करायचं राहिलं, परत येऊन केला.

त्यानंतर माझी फळी. माझ्या हातांना तो हादरा अजून जाणवत होता. फळीच्या पलीकडे खिडकी होती, खिडकीत चिकनच्या दुकानाचा लाल निऑन. मी त्याच्यावर नेम धरला. पहिल्याच किकला फुटली! निळा पट्टा आला, पण त्या दिवशीची माझी आवडती फळी माझी नव्हतीच.

काही महिन्यांनी तो आणि दोजांगमधली आणखी काही मुलं 'पूम'च्या परीक्षेला 'कुक्कीवॉन'ला गेली, मीही शेपटासारखी मागे. कुक्कीवॉन म्हणजे तायक्वांदोची पंढरी. १९७२ मध्ये उघडलेली ही इमारत तेहरान-रोपासून हाकेच्या अंतरावरच्या टेकडीवर आहे, वर पारंपरिक पद्धतीचं कौलारू छप्पर. पहिली जागतिक स्पर्धा १९७३ मध्ये इथेच झाली आणि जगभरच्या डॅनची सर्टिफिकेट्स इथूनच निघतात. आत मुलांची ही गर्दी, वर गॅलरीत पालक मोबाइल सरसावून, खाली ओळीत बसलेले गंभीर परीक्षक. आमचा हिरो पूमसे करताना एकदाही थबकला नाही. निकाल नंतर कळला, पास!

माझं काय झालं? प्रोजेक्ट संपला तेव्हा मी लाल पट्ट्यावर होते, काळा एका परीक्षेच्या अंतरावर. निरोपाच्या दिवशी जीव चुटपुटला खरा. पण अडतीस वर्षांच्या हिशेबात सहा महिने इकडे-तिकडे म्हणजे काहीच नाही. इथे परतल्यावर पहिल्याच आठवड्यात नवा क्लास शोधला.

तुम्ही जाणार असाल तर : मेट्रोच्या हिरव्या लाइन २ ने गंगनम स्टेशनला उतरा, तिथून चढणीचा दहा-बारा मिनिटांचा रस्ता. कार्यक्रम किंवा परीक्षा कधी आहे ते आधी बघून जा, रिकामा हॉल बघण्यात मजा नाही. हातात दोन दिवस जास्त असतील तर मुजू गाठा. तिथे डोंगरांत २०१४ मध्ये सुरू झालेलं भलंमोठं 'तेक्वॉनदोवॉन' आहे, २०१७ ची जागतिक स्पर्धा तिथेच झाली. आणि काही महिने राहणार असाल तर सरळ एखाद्या दोजांगमध्ये नाव घाला. भाषा येत नसली तरी चालतं, हाना-दुल-सेत पुरतं. परीक्षा झाली की सगळ्यांबरोबर कोपऱ्यावरच्या टपरीवर त्तॉकबोक्की खा. तांदळाच्या चिवट वड्या, वर लालभडक तिखट रस्सा. आपल्या जिभेला एकदम ओळखीचा!