ताईची गाणी डोक्याच्या कुठल्या बाजूला?

वासोण्याच्या आठवणी बऱ्याच जणांनी लिहिल्या, आज आमच्या घरची एक सांगतो. ताईच्या मेंदूच्या ऑपरेशनआधी तिची जी परीक्षा झाली, तिची ही गोष्ट.

ताईला बाराव्या वर्षापासून फिट यायच्या. भगत झाला, अंगारा झाला, चप्पल हुंगवून झाली. मग सिल्वासाला गोळ्या सुरू झाल्या. औषधं बदलली, डोस वाढवला, तरी महिन्याला तीन-चार फिट ठरलेल्याच. शेवटी वापीहून गाडी पकडून मुंबई गाठली. तपासण्यांत निघालं की डाव्या कानाच्या वर, मेंदूत आत, जुना व्रण आहे. तेवढा भाग काढला तर फिट थांबू शकतात.

पण आमची ताई धवलेरी. आम्हा वारल्यांत लग्न धवलेरी लावते, गाणी म्हणून. ती गाणी ताईनं आजीच्या मांडीला मांडी लावून पाठ केलेली, वहीत एक ओळ नाही. तिनं डॉक्टरांना एकच विचारलं, "माझी गानी जातील का?"

डॉक्टर हसले नाहीत. म्हणाले, तेच तर आधी बघायचंय. 1953 साली अमेरिकेत हेन्री मोलेसन नावाच्या तरुणाच्या फिट थांबवायला दोन्ही बाजूंचा आठवणीचा भाग काढला होता. फिट कमी झाल्या, पण त्यानंतर 2008 साली मरेपर्यंत त्याला नवीन काही लक्षात राहिलं नाही. तेव्हापासून कुठली बाजू काय सांभाळते हे तपासल्याशिवाय सुरी लावत नाहीत.

आणि ताई डावखुरी! जेवताना आय हातावर मारायची म्हणून उजव्यानं जेवते, पण विळा, झाडू, पेन सगळं डाव्या हातात. उजव्या हाताच्या 100 माणसांत साधारण 95 जणांचं बोलणं डाव्या मेंदूत असतं. डावखुऱ्यांत 70 च्या आसपास. म्हणजे ताईचं कुठं, ते नुसत्या अंदाजानं सांगता येत नव्हतं.

पहिले दोन दिवस कागदावरची परीक्षा. 15 शब्द ऐकायचे, सांगायचे, अर्ध्या तासानं पुन्हा सांगायचे. चित्र बघून नाव सांगायचं. बादलीला ताई म्हणाली 'डोल', कात्रीला 'कातर'. मॅडमनी चूक मांडली. दाजी उठून म्हणाले, "मॅडम, आमच्याकडं तिला डोलच म्हनतात. घरी वारली, शाळेत मराठी, बाजारात गुजराती, आमचं असंच." मॅडमनी लगेच दुरुस्त केलं, आणि पुढची सगळी परीक्षा ताईला येईल त्या भाषेत घेतली. नाहीतर चांगली असलेली जागा कागदावर आजारी ठरली असती.

फंक्शनल एमआरआयमध्ये बोलण्याची बाजू स्पष्ट कळेना, म्हणून वाडा टेस्ट ठरली. नाव ऐकून बाबांना गावचा वाडाच आठवला. पण हे जून वाडा नावाच्या जपानी डॉक्टरांचं नाव, त्यांनी ही पद्धत 1949 साली मांडली. जांघेतल्या रक्तवाहिनीतून बारीक नळी मानेपर्यंत नेतात आणि मेंदूची एकच बाजू काही मिनिटं झोपवतात. ऑपरेशननंतर माणूस कसा असेल, त्याची ही रंगीत तालीम.

आम्ही बाहेर बसलो होतो, मॅडमनी नंतर सांगितलं. डावी बाजू झोपवल्यावर ताईचा उजवा हात धपकन खाली पडला, पण ती बोलतच राहिली. तेव्हा दाखवलेली बरीच चित्रं तिनं नंतर ओळखली. दुसऱ्यांदा उजवी बाजू झोपवली, तेव्हा मात्र बोलणं बंद. म्हणजे ताईचं बोलणं उजवीकडं, आणि आठवणीचा भारही बराचसा उजवीकडंच. डॉक्टरांनी ऑपरेशनला होकार दिला.

ऑपरेशनला आता तीन वर्षं झाली. फिट नाही, गोळ्या मात्र चालू आहेत. नव्या माणसाचं नाव तिला पटकन सुचत नाही, एवढं कमी झालंय. गाणी आहेत. मागच्या उन्हाळ्यात तिनं चार लग्नं लावली.

दोन योग्य औषधं पुरेशा डोसात घेऊनही फिट थांबत नसतील, तर मोठ्या ठिकाणी एकदा दाखवा. केरळात तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत अशी ऑपरेशनं 1995 पासून होतात, मुंबईतही होतात. आणि परीक्षेला बसायच्या आधी दोन गोष्टी न लाजता सांगा: माणूस कुठल्या हातानं काम करतो, आणि घरी कुठली भाषा बोलतो.