भविष्यकाळाचे प्रत्यय

स्पॅनिश क्रियापदांच्या अरण्यांत वर्षभर ठेचाळल्यावर साठी उलटलेले आम्ही परवां भविष्यकाळाशीं येऊन पोहोंचलों. आमच्या क्रमिक पुस्तकानें तो दीड पानांत उरकला आहे. इतर काळीं आर, एर, ईर या अंतांचे संसार थोडेफार वेगळे; येथें मात्र सर्वांची एकच पंगत. मूळ रूपाला कात्री न लावतां पुढें प्रत्यय ठेवावा, कीं झालें. 'आब्लार' म्हणजे बोलणें. त्याचें आब्लारे, आब्लारास, आब्लारा, आब्लारेमोस, आब्लारेइस, आब्लारान. तसेंच खाण्याचें 'कोमेरे' व जगण्याचें 'बिबिरे'.

हीं रूपें देवनागरींत उतरून घेतांना आम्हांस एक मौज दिसली. 'जवळ असणें' या मूळ अर्थाच्या 'आबेर' क्रियापदाचीं वर्तमानकाळचीं रूपें ए, आस, आ, एमोस, आबेइस, आन अशीं होतात. स्पॅनिश लिपींत त्यांच्या आरंभीं एक मुका हकार बसतो, म्हणून नातें झांकलें जातें. आमच्या लिपीनें तो गाळतांच प्रत्यय व क्रियापद भावंडांसारखीं समोर उभीं राहिलीं! आबेइसचा तेवढा 'आब' गळाला आहे. नेब्रिखानें ही घडण १४९२ सालच्या आपल्या व्याकरणांतच सांगितली आहे. लॅटिन बोलींतलें 'मजजवळ गाणें आहे', म्हणजे आपलें 'मला गावयाचें आहे', हेंच झिजून 'मी गाईन' झालें. पोर्तुगिजांत औपचारिक लेखनांत या दोन तुकड्यांमध्यें सर्वनाम अद्याप शिरूं शकतें. गोमंतकांतील ज्या वाचकांचें शिक्षण १९६१ पूर्वीं त्या भाषेंत झालें, त्यांना ही शिवण ठाऊक असेल.

हें 'असेल'ही पाहण्याजोगें आहे. तो भविष्यकाळ नव्हे, तर्क होय. स्पॅनिश मनुष्यही 'सेरान लास सिंको' म्हणतो, शब्दशः 'पांच होतील', आणि त्याला म्हणावयाचें असतें, 'पांच वाजले असतील'.

आमच्या तरुण शिक्षिकाबाई म्हणतात, बोलतांना एवढी यातायात नको. 'बोय आ आब्लार', 'बोलावयास जातों', एवढ्यानें पुष्कळदां भागतें. सल्ला व्यवहारी खरा, पण आम्हांस तो मानवला नाहीं. आमची नात माद्रिदमध्यें वाढते आहे. तिला मराठी येत नाहीं, आणि आमच्यापाशीं 'जातों' म्हणण्यासारखी प्रकृति उरलेली नाहीं. तिच्या पत्राच्या शेवटीं आम्हीं 'आब्लारेमोस', आपण बोलूं, असें लिहिलें आहे. त्यांतलें 'एमोस' तिच्या कानाला वेगळें ऐकूं येणार नाहीं, आम्हांस येतें. पत्र उद्यांच्या टपालानें जाईल.